फळीच्या आतली बाजू

मिस्त्री आणि त्याची बायको घरात एकमेकांशी बोलत नाहीत, असं लोक म्हणायचे आणि ते बऱ्यापैकी खरं होतं. घरात बोलण्याजोगं फारसं काही उरलंच नव्हतं. बोलणं व्हायचं ते होडीवर. होडी लाकडी घोड्यांवर चढली की मिस्त्री बाहेर बुटक्या स्टुलावर बसायचा, बायको आत तळाशी मांडी घालायची आणि दोघांच्या मध्ये प्लायवूडची फळी. कडेला भोकं पाडलेल्या अशा फळ्या तारेनं एकमेकींना शिवायच्या, असं हे काम. तो बाहेरून भोकातून तांब्याची तार आत सारायचा आणि म्हणायचा, "घे." ती पकडीनं तारेची टोकं पिळून सांधा आवळायची आणि म्हणायची, "हं." तो घे, ती हं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. एवढ्या दोन शब्दांवर त्यांचा संसार चालला होता आणि गावातल्या तोंडाळ संसारांपेक्षा बरा चालला होता.

होड्या स्वस्तातल्या. मिस्त्री मूळचा दारं-खिडक्यांचा. तळ्याच्या काठी घर, सागवानी होडी परवडेना अशी गिऱ्हाइकं दारात, म्हणून यात पडला. पंपाच्या जळक्या मोटारींतून सोडवलेली तार, डब्यातलं चिकट केमिकल आणि लाकडाचा भुसा कालवून केलेला लगदा, सांध्यावर जाळीची पट्टी, वर रंगाचा हात. मासे धरणारे काळा रंग मागायचे. पलीकडच्या काठावरचा हॉटेलवाला पाहुण्यांना पाण्यात फिरवायला लाल मागायचा. आत होडी तीच.

"मिस्त्री, ही होडी म्हणायची का कपाट?" खंड्या विचारायचा. "हिला कडी लाव, बायकोच्या साड्या ठेवतो."

"तुझ्या बायकोच्या साड्यांना कपाट कशाला? एक खुंटी पुरे की."

खंड्या म्हणजे मासे धरणारा. नाक लांब, मान आखूड आणि पाण्याकडे टक लावून बसायची सवय, म्हणून खंड्या. त्याची जुनी होडी तळातून कुजली होती, घोड्यांवरची ही नवी त्यानंच सांगितलेली. मासेमारीच्या बंदीचे महिने संपत आले होते, आणि बंदी उठली की ओढ्याच्या तोंडाशी जो आधी जाळं टाकेल त्याची ती जागा वर्षभर, असा तळ्यावरचा रिवाज. म्हणून खंड्या रोज येऊन बसायचा. मदतीला नाही, नुसता बसायला. बसणारं गिऱ्हाईक हे ओल्या लाकडासारखं. त्यावर रंधाही चालत नाही आणि ते हलतही नाही.

मिस्त्रीच्या बायकोला सगळे डावरी म्हणायचे. ती डाव्या हातानं पिळायची, त्यामुळे तिच्या तारांचे पीळ इतरांपेक्षा उलटे. जुन्या होडीचा लगदा उकलून आतला पीळ पाहिला की होडी कुणाच्या घरची ते कळायचं. आणि तिची दुसरी ओळख म्हणजे तिचं रुसणं. ती रुसली की 'हं' बंद. शिव्या नाहीत, रडणं नाही, नुसतं हं बंद. मिस्त्री मग हट्टानं तारा सारत पुढं जायचा, आणि राग उतरला की ती सगळ्या एकदम पिळून टाकायची. एकदा तर त्यानं एक अख्खी बाजू अशी मुक्यानं ओवली होती आणि तिनं दुपारी एकटीनं आवळून दिली होती. त्या होडीतून कधी थेंब आला नाही. रुसव्यातसुद्धा हात पक्का.

त्या दिवशी सकाळी खंड्या बसलाच होता. सून माहेरी गेलेली, मुलगा शहरात कारखान्यात. मिस्त्रीनं आदल्या दिवसाचं काम तपासलं, तर एक तार बोटानं हलली. दुसरीही हलली.

"हात सैल पडायला लागला तुझा," तो म्हणाला. "सुनेला घेतो बोलावून. ती बसेल आत."

खंड्या हसला. नुसतं बोलणं डावरीनं सोडून दिलं असतं, पण परक्या माणसाचं ते हसणं लागलं. तिनं डावा हात पदराला पुसला, मूठ उघडली, मिटली, परत उघडली. मग होडीत चढायला खोक्यावर पाय ठेवला. पहिल्यांदा पाय घसरला, दुसऱ्यांदा चढली. रागानं घसरला असेल, असं मिस्त्रीला वाटलं.

खंड्या गेला. ऊन चढलं. "घे." "हं." "घे." "हं." असं थोडा वेळ चाललं. मग एकदा "घे" म्हटल्यावर हं आलं नाही.

"बरं," मिस्त्री म्हणाला. "नको बोलूस."

त्यानं पुढची तार सारली. तिच्या पुढची सारली. आत पकड पडल्याचा आवाज झाला.

"आपट. आपट अजून. मोडली तर तुझ्या बापाकडून नवी आणायला लावीन."

आत टाच फळीवर घासल्यासारखी झाली. बसायची जागा बदलत असेल. मिस्त्री स्टूल सरकवत सरकवत होडीच्या मागच्या टोकाकडे गेला. हातातलं काम एकीकडे, तोंड एकीकडे. तिचा बाप काढला, तिचा भाऊ काढला, लग्नात त्यांनी दिलेलं गळकं भांडं काढलं. इतकं तो तिच्याशी वर्षात बोलला नसेल. बाजू संपली तसा हात झटकून उठला आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला गेला. तिथं एक चहा घेतला, मग दुसरा घेतला. रुसलेल्या बाईला वेळ द्यावा लागतो, हे इतक्या वर्षांत तो शिकला होता. येताना तिच्यासाठी छोट्या किटलीत चहा आणला. समेट करायची त्याची रीत हीच.

फळीवरून वाकून त्यानं आत पाहिलं.

ती कुशीवर पडली होती. गाल तळाच्या फळीला टेकलेला, तोंडातून लाळ भुशात गेलेली. डोळे उघडे होते आणि ते त्याच्याकडेच बघत होते.

*

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच. "केव्हापासून पडल्या होत्या?"

"मी घरी नव्हतो," मिस्त्री म्हणाला. "आलो तर अशी."

का म्हणाला, हे त्याला सांगता आलं नसतं. तोंडातून गेलं. एक खोटं एकटं राहत नाही, त्याला शेजार लागतो. मुलगा शहरातून धावत आला, डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर हात वाचला असता, बोलणंही वाचलं असतं. मुलानं बापाकडे वळून विचारलं, "मग उशीर का झाला?" आणि मिस्त्री म्हणाला, "जीपवाल्यानं वेळ लावला."

जीपवाला हा पोरसवदा नाही, चांगला बाप्या माणूस. घरी म्हातारी आई आणि दारात ती जीप. काठावरच्या लोकांना बाजाराला, दवाखान्याला नेणारी ती एकच गाडी. दुसऱ्या दिवशी मुलानं टपरीसमोर सगळ्यांदेखत त्याच्या मुस्काटात दिली. जीपवाल्याला काय झालं ते कळायच्या आत दोघांनी त्याला धरून ठेवलं. म्हणजे भांडण सोडवायला धरलं, पण धरलं त्याला. मार खाणाऱ्याला धरणं सोपं असतं.

मग लोकांनी त्याच्या जीपमध्ये बसणं सोडलं. कुणी ठरवून नाही. "अडीअडचणीला ज्याचा पाय उचलत नाही..." असं एकानं म्हटलं आणि बाकीच्यांनी मान हलवली. त्यातल्या काहींनी कधीची भाडी थकवली होती, त्यांना ही सोय बरीच झाली. जीप दारात उभी राहिली. कोंबड्या तिच्या टपावर बसायला लागल्या.

*

डावरीला घरी आणली. डावी बाजू लुळी. तोंड वाकडं. बोलायची, पण शब्द ओल्या मातीसारखे आकार न घेता खाली पडायचे. सून माहेराहून आली होती. तिनं पदर खोचला आणि सासूचं सगळं अंगावर घेतलं. न्हाणं, भरवणं, कूस बदलणं. पातळ भात भरवताना निम्मा बाहेर यायचा, तो ती बोटानं परत तोंडाशी नेत म्हणायची, "आई, माझ्या हातचं इतकं वाईट लागतं होय? थुंकून टाकताय?" डावरीचा उजवा गाल हसायचा. थोड्या दिवसांत सासूचं बोलणं फक्त सुनेला कळायला लागलं. मिस्त्री जवळ गेला की डावरी काहीतरी म्हणायची, तो "हो हो" म्हणून बाहेर यायचा.

बाहेर घोड्यांवर होडी तशीच होती. आणि खंड्या तसाच.

"वाईट झालं," खंड्या म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "पण बंदी उठत आली, मिस्त्री. मी नुसतं आठवण म्हणून सांगतो."

"आठवण झाली. जा."

तो गेला नाही.

शेवटी सून आत बसली. पकड उजव्या हातात धरली. मिस्त्री बाहेर स्टुलावर. सुरुवात मागच्या टोकापासून करू, असं तो म्हणाला होता, पण सुनेनं आधी आतून सगळी बाजू नजरेखालून घातली. हुशार पोरगी. एक एक तार बोटानं हलवून पाहिली.

"मामंजी."

"काय?"

"ह्या इथपर्यंतच्या तारा आईंनी पिळल्यात. उलटा पीळ आहे."

"हो."

"इथून पुढं नुसत्याच ओवलेल्या आहेत. पार शेवटापर्यंत."

मिस्त्रीच्या हातातली तार वाकडी झाली होती, ती तो सरळ करत बसला.

"तुम्ही घरी नव्हता ना त्या दिवशी?"

"नंतर ओवल्या."

"नंतर कधी? तुम्ही तर दवाखान्यात होता. तिथून आलात ते आईंना घेऊनच, आणि आल्यापासून होडीला हात लावला नाहीत."

काठावर कुणीतरी कपडे आपटत होतं, त्याचा आवाज पाण्यावरून येत होता. खंड्या त्या दिवशी नेमका नव्हता, एवढं एक बरं.

"घे," मिस्त्री म्हणाला.

आतून काही आलं नाही. तो धडपडून उठला, फळीला धरून आत वाकला. सून तिथंच बसली होती, धडधाकट, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"आहे मी," ती म्हणाली. "सारा तार."

तिनं त्या सगळ्या तारा पिळल्या. कुणाजवळ बोलली नाही. पण रोज ताट वाढल्यावर "बसा मामंजी" म्हणायची, ते बंद झालं. ताट वाढून ठेवायची आणि आत जायची.

*

जीपवाला आला तेव्हा मिस्त्री सांध्यावरचा वाळलेला लगदा कानशीनं घासत होता. जीपवाला उन्हातच उभा राहिला. त्याला बस म्हणायला कुणी नव्हतं.

"मिस्त्री, तुम्ही हाक मारलीत तेव्हा मी जेवत होतो."

कानस चालत राहिली.

"पहिलाच घास होता. तसा उठलो, हात धुतला नाही. स्टिअरिंगला अन्न लागलं होतं, दवाखान्याच्या दारात पुसलं. तुम्ही माझ्या शेजारीच बसला होता." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "तुमच्या मुलाचं मी मनावर घेत नाही. आई आहे त्याची. पण तुम्ही का म्हणालात?"

"त्या वेळी डोकं ठिकाणावर नव्हतं," मिस्त्री होडीकडे बघत म्हणाला.

"आता आहे ना?"

मिस्त्री परत कानस चालवायला लागला. जीपवाला निघून गेला. दारात सून उभी होती. तिच्या हातात सासूचं धुतलेलं लुगडं होतं, पिळलेलं, अजून न झटकलेलं.

"तुम्ही सांगता का मी सांगू?" ती म्हणाली.

"होडी पाण्यात जाऊ दे."

"होडीचं काय त्यात?"

"जाऊ दे म्हटलं ना."

मिस्त्रीचा हिशेब असा, की होडी एकदा दारातून गेली की त्या तारा डोळ्यांआड होतील. तारा तर लगद्याखाली कधीच झाकल्या गेल्या होत्या, वर पट्टी बसली होती, पट्टीवर काळा रंग. हाताला काही लागत नव्हतं. तरी तो रोज त्या बाजूवरून हात फिरवायचा.

होडी गेली. बंदी उठली त्या सकाळी खंड्यानं ओढ्याचं तोंड गाठलं, जाळं टाकलं आणि तिथून इतका ओरडला, की पलीकडच्या हॉटेलातली माणसं गॅलरीत आली. "कपाट तरंगतंय रे!" काठावर हशा झाला. मिस्त्रीही काठावर उभा होता. होडी सरळ, हलकी, एक थेंब नाही. लोकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "मिस्त्री, अशा दिवसांतही काम पुरं केलंत. मानलं."

तो घरी आला आणि दाराजवळच्या खाटेपाशी जमिनीवर बसला. डावरी जागी होती. बराच वेळ तो तिच्या लुळ्या हाताकडे बघत राहिला. पकडीनं पडलेले घट्टे अजून तळव्यावर होते, पण मऊ पडत चालले होते.

"तुला ऐकू येत होतं का?" तो म्हणाला. "त्या दिवशी. आत."

डावरीनं मान वळवली. ओठ हलले. बरंच काही म्हणाली ती, थांबत थांबत, दोनदा लाळ गिळून. मिस्त्रीला एक अक्षर लागलं नाही. तो जवळ सरकला. तिनं परत म्हटलं. त्यानं तिच्या तोंडाशी कान नेला, तरी नाही.

अशी वेळ कुणावर येऊ नये. ज्या गोष्टीला तिसरा कान नको, तिच्यासाठी तिसऱ्यालाच हाक मारावी लागली.

"सूनबाई."

सून हात पुसत आली. त्याच्याकडे न बघता सासूच्या उशाशी बसली. डावरी बोलली.

"ऐकू येत होतं, म्हणतायत."

मिस्त्रीनं मान खाली घातली.

"तुम्ही शिव्या देत होता. गळक्या भांड्याचं बोललात, म्हणतायत." सून ऐकत राहिली, मग म्हणाली, "त्या शिव्या ऐकून बरं वाटत होतं."

"काय बरं वाटत होतं?"

"तुम्ही जवळ आहात म्हणून."

डावरी आणखी काहीतरी म्हणाली. या वेळी थोडंच. सुनेनं सासूच्या कपाळावरचे केस मागं सारले.

"काय म्हणाली? सांग."

"तुम्ही उठून चहाला गेलात ना," सून म्हणाली, "तेव्हा भीती वाटली, म्हणतायत."

*

टपरीवर त्या वेळी बरेच जण होते. होडीच्याच गप्पा चालल्या होत्या. मिस्त्री बाकावर बसला नाही.

"जीपवाल्यानं उशीर केला नाही," तो म्हणाला. "मी घरी होतो. तिच्याजवळच. फळीच्या ह्या बाजूला. मला वाटलं रुसली. मी ओवत राहिलो, मग इथं येऊन बसलो. त्या बाकावर."

चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. मग सगळे एकदम बोलायला लागले. ज्यांनी जीपमध्ये बसणं सोडलं होतं त्यांना जीपवाल्यासमोर मान खाली घालण्यापेक्षा मिस्त्रीला नावं ठेवणं सोपं गेलं, आणि त्यांनी ते मनापासून केलं. खंड्या मात्र गप्प होता. त्याला आपलं त्या सकाळचं हसणं आठवलं असावं, किंवा नसेलही. नव्या होडीच्या आनंदात माणूस बरंच विसरतो.

जीपवाल्याच्या घरी मिस्त्री गेला तेव्हा जीपवाला दारातच आडवा उभा राहिला. "मला नका सांगू," तो म्हणाला. "मला माहीतच होतं. आत या आणि माझ्या आईला सांगा. ती त्या वेळी घरात नव्हती. रोज विचारते, लोक म्हणतात तसा तू खरंच जेवून मग गेलास का रे?"

मिस्त्री आत गेला. म्हातारीला कमी ऐकू यायचं. त्याला ते सगळं मोठ्यानं सांगावं लागलं, परत परत, रस्त्यावर ऐकू जाईल इतकं.

सुट्टीला मुलगा आला. सुनेनं त्याला आत नेऊन सांगितलं. तो ओरडला नाही. आईचे पाय चेपत बसला, दुपारी तिला भरवलं, संध्याकाळी जीपवाल्याकडे जाऊन आला. निघताना "येतो" म्हणाला ते भिंतीकडे बघून. तेव्हापासून त्याचा फोन सुनेच्या मोबाइलवर येतो. आईच्या कानाशी धरला जातो. मग बंद होतो. बाप तिथंच असतो.

हॉटेलवाल्यानं आणखी एक लाल होडी सांगितली. पोट कुणाला चुकलंय? मिस्त्रीनं फळ्या कापल्या, भोकं पाडली, होडी घोड्यांवर चढवली. खाट उचलून बाहेर सावलीत आणली, डावरीला वाऱ्याला ठेवायचं म्हणून. सून आत, तो बाहेर.

"घे."

"हं."

तार पिळली गेली. मिस्त्री गुडघ्यावर हात दाबून उठला, फळीवरून आत वाकला, सुनेचं तोंड पाहिलं आणि परत स्टुलावर बसला.

"घे."

"हं."

परत उठला. एक तार, एकदा उठणं. गुडघे वाजायचे, कंबर धरायची. पूर्वी सकाळी संपणारं काम संध्याकाळपर्यंत निम्मंही होईना. हॉटेलवाल्याचा माणूस येऊन बघून गेला, वैतागला, "असं काम करता होय?" म्हणाला. सूनही सुरुवातीला कातावली. "मामंजी, मी हं म्हणतेय ना? आहे मी." मग तिनं बोलायचं सोडलं. तो वाकून बघायचा तेव्हा ती हातातली पकड थांबवून वर बघायची, नीट दिसावी म्हणून.

ऊन वर आलं. मिस्त्रीचा सदरा पाठीला चिकटला होता. खाटेवरून डावरी काहीतरी म्हणाली.

"आई म्हणतायत, बसा आता," सून आतून म्हणाली. "दमलात."

"कळलं मला ते," मिस्त्री म्हणाला, तार सारली, आणि उठला.